इशारा पातळी

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, 'पाणी किती?' उत्तर फुटांत आणि इंचांत द्यायचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांला आली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. जुलैत रात्री दोन वाजता मोबाईलवर पातळीचा मेसेज आला तरी माणसं उठून बघतात आणि 'अजून दोन इंच चढलं' म्हणत कूस बदलतात. मीही त्यातलाच. नदी कुठवर आलीय हे मला इंचासकट ठाऊक असायचं. मी स्वतः किती बुडालोय असं कुणी विचारलं असतं, तर मात्र आकाशाकडं बघितलं असतं.

त्यात माझी नोकरीच मोजमापाची. शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपात मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडं झाला तर ऑपरेटरच्या तोंडावर जॉब रिजेक्ट करणारा माणूस. आणि घरी त्याच माणसाचं 'असतील अडीच-तीन लाख, फिटतील की हळूहळू' असं चाललं होतं.

२०२१ च्या जुलैची गोष्ट. आम्ही शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला राहतो. २०१९ च्या पुरात घरात छातीएवढं पाणी उभं होतं. तेव्हापासून सगळी कागदपत्रं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवलेली. पाणी चढायला लागलं की ती पिशवी, सिलिंडर, आईची औषधं आणि आई एवढं घेऊन पाचगावला आक्काकडं जायचं, हे ठरलेलं. त्या वर्षीही गेलो. दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली, त्यामुळं कंपनी बंद. आक्काकडं गेल्यावर लक्षात आलं की पिशवीला कुठंतरी भोक पडलंय. मी दूध आणायला बाहेर पडलो तेवढ्यात बायकोनं आणि आक्कानं भिजलेले कागद काढून सोप्यात पंख्याखाली पसरले.

मी परत आलो तर अख्ख्या सोप्यात माझं कर्ज वाळत घातलं होतं.

घराचा उतारा, रेशनकार्ड, पोराच्या मार्कलिस्टा एका कोपऱ्यात मावल्या होत्या. बाकी सगळी जमीन पतसंस्थेच्या, बँकेच्या, गाडीच्या हप्त्यांच्या कागदांनी भरलेली. सोनंतारणाची पावती होती. आणि क्रेडिट कार्डाची स्टेटमेंटं, ज्यांचा बायकोला पत्ताच नव्हता. ती एकेक उचलून बघत होती आणि काही बोलत नव्हती. आक्काच्या हातात बँकेचा कागद होता, फेब्रुवारी २०२० चा. ती तारखेकडं बघत होती. त्याच महिन्यात तिच्या लेकीचं लग्न झालं होतं. मामा म्हणून मी भाचीला पैठणी, जावयाला अंगठी, वर वऱ्हाडाची एक गाडी, असा मान केला होता. मांडवात चार लोकांनी पाठ थोपटली होती.

"माझ्या पोरीच्या लग्नाला कर्ज काढलंस व्हय रं?"

ऋण काढून सण करू नये असं आपल्यात म्हणतात, पण ते शेजाऱ्याच्या सणाबद्दल. मी दुधाची पिशवी हातात धरून तसाच उभा. आक्का उठली, पिशवी घेतली आणि चहा टाकायला आत गेली. आतून बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही.

त्या रात्री वीज नव्हती. भाच्याच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर, मेणबत्तीच्या उजेडात, मी आणि बायकोनं पहिल्यांदा सगळं एकाखाली एक लिहिलं. २०१९ च्या पुरानंतर घर उभं करायला पतसंस्थेकडून घेतलेल्यातले १,८०,००० शिल्लक. लग्नाचे बँकेचे १,६६,०००. कार्डाचे ९६,०००. मोटरसायकलचे ३१,०००. बायकोचा साज तारण ठेवून आणलेले ७०,०००. तालमीतल्या मित्राकडून हातउसने ४०,०००. किराणा दुकानाच्या वहीत ११,५००. बेरीज ५,९४,५००. मी दोनदा केली, तिनं एकदा. पगार हातात यायचा ३४,००० आणि हप्ते, व्याज, कार्डाची किमान रक्कम मिळून जायचे २१,४५०. शंभरातले ६३.

"धोका त्रेचाळीसला असतोय नव्हं?" बायको म्हणाली. इकडच्या बायका बोलताना 'मी जातो, मी करतो' म्हणतात, बाहेरच्यांना त्याची गंमत वाटते. तिचं पुढचं वाक्य मात्र गमतीचं नव्हतं. "मी घरात डाळ मोजून टाकतो आणि तुम्ही हे मोजलं न्हाईसा."

पूर आमच्या गल्लीत कधी समोरून येत नाही. नदी तिकडं लांब दिसत असते, लोक बघायला जातात, भजी खातात. पाणी येतं ते मागच्या गटारीतून, न्हाणीघराच्या मोरीतून, बुडबुड करत. माझं कर्जही तसंच आलं. लग्न झालं आणि महिन्यात लॉकडाऊन लागला. दोन-तीन महिने पगार निम्मा. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२० मध्ये हप्ते तीन महिने पुढं ढकलायची सवलत दिली, ती पुढं ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. मी बँकेचे सहाही महिने घेतले, सुटी मिळाल्यासारखे. हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, हे मला माहीत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. मी तिकडं बघितलंच नाही. व्याजावरचं व्याज सरकारनं नंतर परत केलं, मूळ व्याज मुद्दलाच्या डोक्यावर जाऊन बसलं ते बसलंच. मग याची टोपी त्याच्या डोक्यावर. पतसंस्थेच्या हप्त्यासाठी साज तारण, साजाच्या व्याजासाठी मित्र, आणि महिनाअखेरीला तेल-पिठासाठी कार्ड.

कार्डाचा हिशेब मला त्या मेणबत्तीपुढं कळला. महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला काही वाटत नाही. वर्षाचे ४२ होतात. ९६,००० वर महिन्याचं व्याज ३,३६०, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३,९६५. मी इमानदारीनं किमान रक्कम भरत होतो, ४,८००. म्हणजे त्यातले ८३५ रुपये फिटत होते. बाकीचे मी दर महिन्याला एका अदृश्य माणसाच्या खिशात घालत होतो आणि 'भरलं बाबा या महिन्याचं' म्हणून सुस्कारा सोडत होतो. एक सांगतो, २०१९ च्या अखेरीला याच गावात मटणाच्या दरवाढीविरुद्ध आंदोलन झालं. किलोमागं काही रुपये जास्त घेतात म्हणून लोक रस्त्यावर उतरले. मीही तावातावानं बोलत होतो. ४२ टक्क्यांबद्दल मी कधी आवाज चढवला नाही, कारण तो भाव लावणारा सुरी घेऊन समोर उभा नव्हता.

लहानपणी कीर्तनात ऐकलेलं आठवलं. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. दोन्ही वर्षी पंचगंगा आमच्या दारापर्यंत आली, पण माझी खतं काही घेऊन गेली नाही. कागद भिजले, आकडे कुठल्यातरी सर्व्हरवर कोरडे ठणठणीत. आणि तुकोबांची खतं ही लोकांनी त्यांना द्यायच्या पैशाची होती. बुडवायचा मान सावकाराचा. कर्जदाराला मोजत बसावं लागतं.

पहिलं भांडण क्रमावरून झालं. मला मित्राचे ४०,००० आधी द्यायचे होते. वर्षभर मी त्याची गल्ली चुकवत होतो, दूध कट्ट्यावर तो दिसला की गाडी वळवत होतो. बायकोचं म्हणणं, "व्याज बघा, तोंडं बघू नकासा." तिचं गणित बरोबर होतं, पण गणितात गल्ली चुकवायचा खर्च धरलेला नव्हता. शेवटी तोडगा निघाला. जास्तीचा जो पैसा निघेल तो आधी कार्डात, आणि मित्राला दर एक तारखेला हजार रुपये, हातात नेऊन. पहिल्या महिन्यात मी गेलो तेव्हा तो गाडी पुसत होता. नोटा बघून म्हणाला, "मर्दा, मागितलो होतो काय तुला?" आणि न मोजता खिशात घातल्या. मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. त्यानंतर मी त्या गल्लीतून जायला लागलो.

साजाचा विषय तिनंच काढला. सोनं गहाण टाकणं वेगळं आणि मोडणं वेगळं. गहाण टाकलेलं सोनं घरातलंच असतं, नुसतं परगावी गेलेलं. मोडलं की संपलं. बारा पानांचा साज, तिच्या आईनं भिशी लावून लावून केलेला. तो सोडवायचा आणि सराफांच्या गुजरीत नेऊन विकायचा, वरचे पैसे कार्डात भरायचे, असं ती म्हणाली तेव्हा मी नको म्हणालो. खरं सांगायचं तर मनातून मला हायसं वाटलं होतं आणि त्याचीच लाज वाटत होती. दुकानदारानं साज तराजूत टाकला, घट धरली, आकडा सांगितला. ७०,००० चं तारण फिटून ६१,००० उरले, ते त्याच दिवशी कार्डात गेले. गुजरीतून बाहेर पडल्यावर ती महाद्वारापाशी थांबली. बाहेरूनच अंबाबाईला हात जोडले आणि म्हणाली, "चला, ऊन वाढाय लागलंय." यावर मी कधी तिच्याशी धड बोललेलो नाही. या लेखातही एवढंच लिहिणार आहे.

मग वही. भाच्याची तीच वही आम्ही घरी आणली. रोज रात्री जेवण झाल्यावर दिवसभराचा खर्च लिहायचा, रुपयासकट. पहिले पंधरा दिवस मी गाळत होतो. तंबाखू गाळायचो, टपरीवरचा दुसरा चहा गाळायचो. क्वालिटीचा माणूस, खोटं रीडिंग मारत होतो. तिला कळत होतं, ती बोलत नव्हती. स्कॅन करून पैसे दिले की ते गेल्यासारखे वाटत नाहीत, म्हणून मी फोनवरून पैसे देणं बंद केलं आणि आठवड्याचे हजार रुपये रोख खिशात ठेवायला लागलो. बुधवारी खिसा हलका लागला की गुरुवारची मिसळ आपोआप डब्यातल्या भाकरीत बदलायची. कंपनीला जायला शेजारच्या शॉपमधला एक जण आणि मी, एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. भाजी कपिलतीर्थच्या मंडईत, बाजार उठायच्या वेळी. रविवारचं मटण एक किलोचं अर्धा किलो झालं आणि रस्सा वाढला. रस्सा वाढवण्यात कोल्हापूरकराला कमीपणा नाही, ही एक सोय.

एवढ्यानं महिन्याचे अडीच-तीन हजार निघाले. खरी गळती वहीत तिसऱ्या महिन्यात दिसली, कारण ती रोजची नव्हती. तालमीची वर्गणी. पेठेच्या फुटबॉल संघाचे टी-शर्ट. कुणा 'भावाच्या' वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर आपला फोटो यावा म्हणून दिलेले पाचशे. वास्तुशांत, बारसं, जावळ. आणि सगळ्यात मोठी, हॉटेलातली बिलं. इतरांची. पोटाला घातलेला पैसा थोडा होता, नावाला घातलेला जास्त.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. इथं बिल आलं की हातघाई होते. वेटरला दम दिला जातो, 'त्याच्याकडनं घेतलास तर बघ.' होऊ दे खर्च हा आमच्याकडं विनोद नाही, इभ्रत आहे. जेवून झाल्यावर 'तुझं तू, माझं मी' म्हणणं हे पुण्याला चालत असेल, असं आम्ही हसत म्हणतो आणि हसता हसता पाकीट काढतो. मीही काढत होतो. मजा अशी की ज्या मित्राचे ४०,००० माझ्याकडं होते, त्यालाच मी वर्षभरात चारदा तरी कार्डावर तांबडा-पांढरा खाऊ घातला होता. त्याच्याकडूनच उसने आणायचे आणि ४२ टक्क्यांनी त्यालाच जेवण.

त्या वर्षी थंडीत एकदा चौघं जेवायला बसलो. मी येणार नव्हतो, ओढून नेलं. ताटं उचलली, बडीशेप आली, तिच्याखाली बिल. मी हात मांडीखाली दाबून बसलो. खरंच, मांडीखाली. दोन-तीन सेकंद कुणीच हललं नाही, कारण नेहमीची पहिली चाल माझी असायची. माझे कान तापले. मग मीच म्हणालो, "भावांनो, हात जरा आखडलाय. माझ्या ताटाचे देतो." एकानं "हॅट् मर्दा" म्हणून सगळं बिल भरलं. दुसरा मात्र बाहेर पान लावताना हळूच बोलला, "मलाबी जमंना झालंय, पण म्हणायचं कुणी?" त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे. पुढच्या वेळेला चौघांनी वर्गणी काढली, आधीच, टेबलावर बसायच्या आधी.

सगळं असंच सरळ उतरत गेलं असं नाही. २०२२ चा गणेशोत्सव निर्बंधांनंतरचा पहिला. ढोल वाजायला लागले आणि मी मंडळाच्या पावतीपुस्तकावर ५,००१ चा आकडा टाकून आलो. वहीत लिहिलं नाही. चौथ्या दिवशी मंडळाच्या फलकावर देणगीदारांची नावं लागली, त्यात माझं वरून तिसरं. बायकोनं ती यादी येता-जाता वाचली आणि रात्री वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'गणपती, ५००१.' आठ दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं. दुसरीकडं, मी सुरुवातीला तिची भिशी बंद कर म्हणालो होतो, बारा बायका, महिन्याचे हजार, दर महिन्याला एकीची चिठ्ठी. तिनं ऐकलं नाही. पुढं आईच्या मोतीबिंदूला ते बारा हजार आले, नाहीतर मी पुन्हा कार्ड काढलं असतं. काटकसर कुठं करायची यापेक्षा कुठं करायची नाही हे तिला जास्त कळतं.

कार्ड २०२२ च्या फेब्रुवारीत निल झालं आणि मी ते बंद करायला लावलं. बंद करण्यासाठी फोनवर अर्धा तास, 'सर, तुमची लिमिट वाढवून देतो' हे चार वेळा. मे महिन्यात गाडी फिटली. तो सुटलेला हप्ता आणि कार्डाचा मोकळा झालेला पैसा, मित्राचं वाढवून तीन हजार केलेलं वजा जाता, बँकेच्या कर्जात. मग बँकेचं सुटलं ते पतसंस्थेत. जोर नंतर येतो, सुरुवातीला नुसती दमछाक. पुरातून गेलेल्यांनी बघितलेलं असतं, पाणी फुटाफुटानं चढतं आणि उतरतं इंचाइंचानं. मधल्या काळात हप्ता चुकल्याचे फोन यायचे, मी ती रिंगटोनच बदलून टाकली होती, तरी दुसऱ्या कुणाचा तसाच फोन वाजला की पोटात गोळा. २०२२ च्या ऑगस्टात रिझर्व्ह बँकेनं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत असं बजावलं. त्याआधीच्या वर्षी रात्री साडेनऊला वाजलेले फोन अजून कानात आहेत.

शेवटचा हप्ता जानेवारी २०२४ मध्ये पतसंस्थेत भरला. बेबाकीचा दाखला घेऊन आलो, बायकोनं वाचला, घडी घालून पिशवीत टाकला. मी म्हटलं, जेवायला जाऊ कुठंतरी. ती म्हणाली, डाळ भिजत घातलीय.

आक्कानं मधल्या काळात दोनदा अंगठीचे पैसे परत द्यायचा प्रयत्न केला. मी घेतले नाहीत. भाऊबीजेला ओवाळणी मात्र ती आता शंभराच्या वर घेत नाही. वर टाकली की उचलून माझ्या खिशात घालते. यावर आमचं भांडण चालू आहे.

२०२४ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं. ४३ च्या वर गेल्याचा मेसेज आला तसं आम्ही आवरायला घेतलं. पिशवी, सिलिंडर, औषधं, आई. पिशवी बांधताना बघितलं तर उताऱ्याच्या आणि रेशनकार्डाच्या मध्ये ती वही.

"ही कशाला घेतलीस? सगळं फिटलंय की."

"पाणी परत चढलं तर?" तिनं गाठ मारली. "मोजायला पट्टी नको?"

रात्री आक्काच्या सोप्यात सगळे झोपल्यावर मी वही काढून लिहिलं. रिक्षा १८०. मेणबत्त्या ४०. आक्काच्या नातीला खाऊ ५०. तंबाखू १०.

मग खाली पाणी किती तेही लिहून ठेवलं.